एक झाड, चालू स्थितीत

घड्याळवाले काका कुंडी घेऊन आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मी आधी पावती लिहिली आणि मग त्यांना आत बोलावलं. हा क्रम चुकला, असं आमच्या हिचं मत आहे. माझं मत वेगळं आहे. एकोणतीस वर्षं मी एका खात्याच्या भांडारात माल घेतो आणि माल देतो. माणूस एकदा आत आला, खुर्चीत टेकला, चहा प्यायला, की मालाच्या स्थितीबद्दल स्पष्ट बोलणं जमत नाही. डोळ्यांत पाणी वगैरे येतं आणि नगाची उंची मोजायची राहून जाते.

पावती अशी होती: ‘एक झाड, नाताळचं, जिवंत. उंची तीन फूट दोन इंच. वरून तिसरी फांदी डावीकडे कललेली. बुंध्यावर मातीपासून चार इंचांवर तारेचा जुना वळ. निळ्या चकचकीत कुंडीसह. चालू स्थितीत मिळालं. त्याच स्थितीत परत करायचं आहे.’ खाली सही आणि तारीख.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ती नीट वाचली.

“चालू स्थितीत?”

“तुम्ही नाही का दुकानात लिहायचात, घड्याळ घेताना?”

“मी ‘बंद’ लिहायचो,” काका म्हणाले. “चालू घड्याळ कोण आणून देतं हो?”

काका आमच्या डोक्यावरच्याच मजल्यावर राहतात. चाळीस वर्षं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. काकू बालवाडीत शिकवायच्या. दर डिसेंबरात दहा दिवस हे झाड खाली जिन्याच्या तोंडाशी यायचं, इमारतीतली पोरं त्याला कागदाच्या चांदण्या लावायची आणि अकराव्या दिवशी काकू ते पुन्हा वर गॅलरीत न्यायच्या. लोक तोडलेली झाडं आणतात आणि जानेवारीत कचऱ्यात टाकतात, ते काकूंना बघवत नसे. त्यांचं झाड नऊ वर्षं टिकलेलं. गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. आता काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, लेकीकडे जाऊन राहायचं होतं, ते थेट पुढच्या डिसेंबरापर्यंत.

“बाकी तिचं सगळं जिथल्या तिथे ठेवलंय,” काका म्हणाले. “साड्या, डबे, चष्मा. त्यांना काही लागत नाही. हे एकच आहे ज्याला अजून काहीतरी लागतं.”

मग त्यांनी खिशातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. “तिची आहे. झाडाचं सगळं यात आहे म्हणतात. मी उघडली नाही. अक्षर तिचं आहे ना.”

आमची ही डोळे टिपत चहा करायला आत गेली आणि जाता जाता तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पावतीवरची शाई वाळली की नाही ते तपासू लागलो.

वही मात्र उत्तम होती. काकूंसारखी बाई आमच्या भांडारात असती, तर आज मी तिच्या हाताखाली असतो. पुढच्या पानांवर सूचना होत्या. झाड उबेच्या खोलीत दहा दिवसांहून जास्त ठेवू नये. तिथून थेट थंडीत काढू नये, आधी आठवडाभर जिन्यासारख्या आडोशाला ठेवावं, मग गॅलरीत. उन्हाळ्यात दुपारचं ऊन लागू देऊ नये. आणि पाण्याबद्दल: ‘रोज बोट दोन पेरं मातीत घालून बघावं. ओलं लागलं तर पाणी नको. आठवणीने नको, दयेने नको, बोटाने घालावं.’

मागच्या पानावर तक्ता होता. दर डिसेंबरातली उंची, नऊ वर्षांची. या तक्त्यापाशी माझी नजर अडखळली, कारण तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या वर्षी उंची आदल्या वर्षापेक्षा कमी होती. झाड वर्षाला इंच-दोन इंच वाढत होतं आणि मध्येच दीड इंच खाली येत होतं. त्या तिन्ही आकड्यांपुढे लाल शाईचं एकेक टिंब होतं. आमच्या भांडारात लाल टिंबाचा अर्थ ‘मोजमाप शंकास्पद, फेरतपासणी करावी’ असा असतो. काकूंना स्वतःची चूक दिसली होती आणि त्यांनी ती लपवली नव्हती, हे पाहून मला फार बरं वाटलं.

आता पहिला आठवडा जिन्याचा. झाड मजल्यावरच्या मोकळ्या जागेत, भिंतीला लावून ठेवलं. संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी नियमावली घेऊन हजर.

“जिन्यात सामान ठेवता येत नाही.”

“हे सामान नाही. जिवंत आहे.”

सेक्रेटरींनी पानं उलटली. “नियमावलीत दोनच प्रकार आहेत. सामान आणि पाळीव प्राणी.”

“मग प्राण्यात धरा.”

“धरतो. पण प्राणी जिन्यात मालकाशिवाय सोडता येत नाही. कलम अकरा.”

“ते पळून जाणार आहे का?”

“ते मी कसं सांगू? मालक तुम्ही.”

भांडणात अर्थ नव्हता. नियमाशी भांडायचं नसतं, नियम पाळून समोरच्याला दमवायचं असतं, हे मी नोकरीत शिकलो आहे. मी झाडाशेजारी एक स्टूल ठेवलं. सकाळी ऑफिसला जाईपर्यंत मी, संध्याकाळी ही आणि मधला सगळा वेळ सासूबाई, अशा मालकीच्या पाळ्या लावल्या. सेक्रेटरी दिवसातून दोनदा येऊन मालक हजर आहे का बघून जात.

या सात दिवसांत कोणी सुखी झालं असेल तर सासूबाई. त्यांचं वय एक्याऐंशी. एरवी दिवसभर खिडकीतून रस्ता बघायचा. इथे सगळी इमारत त्यांच्या समोरून चढत-उतरत होती आणि प्रत्येकाला थांबून ‘आजी, इथे कशा?’ विचारावं लागत होतं. कोणाचं काय चाललंय हे मला नोंदवही ठेवूनही कळलं नसतं इतकं त्यांना कळलं. झाड गॅलरीत गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “अजून आठवडाभर राहू द्यायचं होतं, जावईबापू. सर्दी होईल त्याला.”

इथपर्यंत सगळं वहीबरहुकूम होतं. यानंतर मी एक सुधारणा केली. ती माझी एकट्याची होती आणि तिची जबाबदारी मी कोणावर ढकलत नाही.

बोटाची अडचण अशी, की बोट प्रत्येकाचं वेगळं असतं. माझी दोन पेरं आणि हिची दोन पेरं सारखी नाहीत. शिवाय बोट काही लिहून ठेवत नाही. उद्या प्रश्न आला, की अमुक तारखेला माती ओली होती याला पुरावा काय, तर मी काय बोट दाखवू? म्हणून मी पाण्याची नोंदवही उघडली. तारीख, वेळ, पाणी, सही. प्रमाण ठरवलं रोज एक मोठा पेला. वही दोरीने गॅलरीच्या कडीला बांधली, पेन वहीला बांधलं आणि घरात जाहीर केलं, की पाणी घालणाऱ्याने सही करावी. सही दिसली नाही तर पाणी पडलेलं नाही असं समजून मी घालीन.

ही एका प्रयोगशाळेत काम करते. रोज शे-दोनशे नमुन्यांवर सही करते. ती म्हणाली, “अहो, घरातही सही करायची असेल तर मला पगार चालू करा.”

मी ते गंमत म्हणून घेतलं. ती गंमत नव्हती.

मार्च संपला आणि उन्हं तापली. एके सकाळी झाडाची भिंतीकडची बाजू मला जरा पिवळी वाटली. आठ दिवसांत ती तपकिरी झाली. हात लावला की सुया मुठीत यायच्या. मी नोंदवही काढून बघितली. एकही दिवस चुकलेला नव्हता. ब्याण्णव दिवस, ब्याण्णव सह्या, सगळ्या माझ्या. असं निर्दोष रजिस्टर असताना एखादी वस्तू मरूच कशी शकते, हे मला समजेना.

मग सल्ले सुरू झाले. इमारतीत कोणाकडे एक कुंडी नाही, पण झाडांबद्दल मत प्रत्येकाला आहे. समोरचे विमा एजंट म्हणाले, “एकटं पडलंय. शेजारी दुसरं झाड ठेवा.” तळमजल्याच्या शिंपीणबाई म्हणाल्या, “दृष्ट लागली, येता-जाता सगळ्यांनी बघितलंय.” सेक्रेटरी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “तहान आहे. पाणी वाढवा.” हे मात्र सगळ्यांनाच पटलं. मी प्रमाण दोन पेले केलं. झाड आणखी तपकिरी झालं.

अशात एके दिवशी काकांचा फोन आला. गुडघा बरा आहे, लेक फार करते, नातू बुद्धिबळात हरवतो. शेवटी म्हणाले, “आणि ते?”

“आहे,” मी म्हणालो.

“बरं आहे ना?”

एकोणतीस वर्षांत मी शिल्लक मालाबद्दल खोटं बोललेलो नाही. “आहे,” मी पुन्हा म्हणालो. हे खोटं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हातातल्या सुया मोजत बसलो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी शहराबाहेरच्या रोपवाटिकेत गेलो. सोबत जानेवारीतला फोटो. मनात काय होतं ते सांगतो, कारण ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. मनात होतं, की अगदी तसंच झाड मिळालं तर घ्यायचं, निळ्या कुंडीत ठेवायचं आणि गप्प बसायचं. काकांचा चष्मा जाड आहे. गुडघ्यातून उठलेला माणूस वरून तिसरी फांदी कुठे मोजत बसतो?

रोपवाटिकेच्या मालकीणबाई साठीच्या, हात कोपरापर्यंत मातीत. त्यांनी फोटो बघितला, विशेषतः कुंडी बघितली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“साधारण एवढंच, जरा डावीकडे कललेलं, असं हवं असेल?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“असं मागायला तुम्ही काही पहिले नाही,” त्या म्हणाल्या आणि मला एका रांगेपाशी घेऊन गेल्या.

माणसाच्या स्वभावाबद्दल त्यांनी हे सर्वसाधारण विधान केलं, असं मी धरून चाललो. झाड समोर होतं. उंची तीन फूट दोन. फांदी डावीकडे. इतकं जुळणारं, की मी खिशातली पावती काढून एकेक कलम ताडून बघू लागलो. उंची, बरोबर. फांदी, बरोबर. बुंध्यावर मातीपासून चार इंचांवर तारेचा जुना वळ.

वळ नव्हता.

मी तिथे उकिडवा बसून त्या गुळगुळीत बुंध्याकडे बघत राहिलो. जगातला दुसरा कोणी असता तर त्याने ‘एक झाड’ एवढंच लिहिलं असतं. ती ओळखखूण मीच शोधून, मीच मोजून, माझ्याच अक्षरात लिहिली होती. आता वळ पाडायचा तर घरून तार आणावी लागली असती, आणि तार आवळताना मी जो दिसलो असतो तो मला दिसला.

“जुनं मेलंय का?” बाईंनी विचारलं.

“अर्धं.”

“अर्धं कोणी मरत नाही. घेऊन या.”

झाड गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून नेलं. बाईंनी अंगठ्याच्या नखाने बुंध्याची साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं. “जिवंत आहे,” त्या म्हणाल्या, “तुमच्या तावडीतून सुटलं तर.” मग त्यांनी झाड उचललं. निळ्या कुंडीच्या आत रोपवाटिकेची साधी काळी कुंडी होती, हे मला त्या दिवशी कळलं. निळीला खाली भोकच नव्हतं. तळाशी निम्मी बादली पाणी साठलेलं आणि त्याला असा वास, की शेजारी रोपं बघणारं एक गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं.

“किती पाणी घालता?”

मी अभिमानाने नोंदवही पुढे केली.

त्यांनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं. “एवढ्याने इतकं साठत नाही,” त्या म्हणाल्या. “वहीत नसलेलं पाणी कोण घालतं?”

घरी येऊन मी चौकशी बसवली. हिला विचारलं. ती म्हणाली, “मी रोज सकाळी घालते. सही करत नाही, ते आधीच सांगितलं होतं.” म्हणजे तिने घातलेलं पाणी वहीत नव्हतं, वहीत नव्हतं म्हणून मी पुन्हा घालत होतो. सासूबाई म्हणाल्या, “मी कुठे काय घालते? तीन वेळा गोळ्या घेते, पेल्यात अर्धं उरतं, ते तेवढं देते बिचाऱ्याला. जिन्यात बसत होते तेव्हापासूनची सवय.” एवढ्यात सेक्रेटरी कुठल्याशा कागदावर सही घ्यायला आले होते, ते दारात थबकले. त्यांचे कान लाल झाले.

“फिरून येताना बाटलीत थोडं राहतं,” ते कुंडीकडे न बघता म्हणाले. “तुमच्या गॅलरीचा कोपरा जिन्यातून हाताला येतो. पहिल्यापासून दोनदा बघायला यायचो ना, लळा लागला हो.”

चार माणसांच्या मायेने एक झाड बुडत होतं, आणि त्यातलं एकाचंच पाणी कागदावर होतं. काकूंनी लिहिलं होतं, आठवणीने नको, दयेने नको. आम्ही प्रत्येक पेला त्या दोहोंपैकी एकाने घातला होता.

मालकीणबाईंनी सडलेली मुळं कापली, खाली भोकं असलेल्या मातीच्या मोठ्या कुंडीत झाड लावलं, खत द्यायला बंदी केली आणि सावलीत ठेवायला सांगितलं. तपकिरी झालेली बाजू पुन्हा हिरवी होणार नाही, हेही सांगितलं. मी नोंदवही कपाटात टाकली. रोज सकाळी उजव्या हाताची तर्जनी दोन पेरं मातीत. पहिले सतरा दिवस ओलं लागलं. सतरा दिवस तीन माणसं आपापलं पाणी हातात घेऊन झाडाभोवती घुटमळत होती आणि मी पहारा देत होतो. अठराव्या दिवशी बोट कोरडं आलं, तेव्हा मी सगळ्यांना हाक मारून ते दाखवलं.

जुलैत टोकांना फिकट हिरवे कोंब फुटले, इतके मऊ, की सुया वाटेनात. सासूबाईंनी चष्मा लावून ते मोजले. मी मोजलेल्यापेक्षा दोन जास्त निघाले. मी वाद घातला नाही.

डिसेंबरात काका काठी टेकत आले. मी झाडाची उघडी पडलेली बाजू भिंतीकडे केली होती. मांडणी करताना चांगली बाजू पुढे ठेवतात, त्यात लबाडी नसते. पण काका घड्याळजी. त्यांनी वस्तू हातात घेऊन आधी मागचं झाकण बघण्यात आयुष्य काढलेलं. आले, टेकले नाहीत, कुंडी धरली आणि अर्धी फिरवली.

उघडी बाजू समोर आली.

मग मी सांगितलं. निळी कुंडी, नोंदवही, हिचं पाणी, गोळ्यांचं पाणी, बाटलीचं पाणी. रोपवाटिकाही सांगितली आणि तिथे काय घ्यायला गेलो होतो तेही. पावती पुढे केली. “त्याच स्थितीत नाही,” मी म्हणालो. “माझी चूक आहे.”

काका वाकले. कष्टाने वाकले. बुंध्यावरून अंगठा फिरवला, वळापाशी थांबला.

“म्हणजे हे तेच आहे?”

“तेच.”

“मेलं नाही?”

“नाही.”

ते खुर्चीत बसले आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. “मला जमलं नाही हो कधी,” ते म्हणाले. “ती सुट्टीत बहिणीकडे जायची, झाड माझ्यावर सोपवून. परत यायच्या आत मेलेलं असायचं. तीनदा. मग मी जायचो त्या बाईंकडे, तसंच शोधून आणायचो, निळ्या कुंडीत बसवायचो. घड्याळ तेच ठेवून आतलं यंत्र बदलायचं, सवयीचं काम. तिला कळलं नाही कधी. उलट आली की म्हणायची, ‘अहो, यंदा किती टवटवीत दिसतंय, नाही?’”

काकूंची वही टेबलावर होती. कागद लपवावा असं मला नोकरीत एकदाही वाटलेलं नाही. त्या दिवशी वाटलं. मी वही हळूच उचलणार, तेवढ्यात काकांनीच हात पुढे केला. “द्या. यंदाची उंची लिहायला हवी ना. आता मलाच लिहावी लागणार.”

त्यांनी मागचं पान उघडलं. पहिल्यांदाच उघडलं. बराच वेळ ते अक्षर बघत होते. मग बोट एका आकड्यापाशी थांबलं.

“ही टिंबं कसली?”

ही माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “काका, तुम्ही झाड कोणकोणत्या वर्षी बदललंत?”

“तिसऱ्या,” काका म्हणाले. “मग पाचव्या. मग…” आणि त्यांचं बोट स्वतःच तिसऱ्या टिंबावर जाऊन बसलं.

खाली जिन्यात पोरं चांदण्या कापत होती, कात्रीवरून भांडण चाललेलं ऐकू येत होतं.

“मोजत होती म्हणजे,” काका म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्यांच्या ओठांच्या कडेला आलेलं हसू आहे की दुसरं काही, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. “आणि टवटवीत दिसतंय म्हणून माझ्याकडे बघायची, ते काय उगीच?”

मी फूटपट्टी धरली. तीन फूट पाच इंच. तीन इंच वाढावा, एका बाजूने उघडं, स्थिती चालू. सवयीने मी खिशातून दोन्ही पेनं काढली, निळं आणि लाल. काकांनी निळं घेतलं. नऊ आकड्यांच्या खाली एक वर्ष मोकळं सोडलं, ती गेली ते, आणि त्याखाली सावकाश, घड्याळाच्या काट्यासारख्या सरळ अक्षरात, दहावा आकडा लिहिला. लाल पेन त्यांनी झाकण लावून माझ्या खिशात परत ठेवलं.

मग त्यांनी तर्जनी मातीत घातली, दोन पेरं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

“ओलं आहे,” काका म्हणाले.

दारात सासूबाई संध्याकाळच्या गोळीचा अर्धा पेला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कुंडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.